एक्सपीवर मराठी तुटक दिसते म्हणून फॉरमॅट मारू नका

‘जुन्या विंडोज एक्सपीवर मराठी मजकूर चौकोनी किंवा तुटक दिसला तर समजा, फाइल व्हायरसने खाल्ली. एखादा मराठी फॉन्ट टाका, तरी जमलं नाही तर फॉरमॅट मारा.’ हा सल्ला पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. कितीतरी छापखान्यांत, ग्रंथालयांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत अजून एक्सपीची मशीनं आहेत आणि त्यांत वर्षानुवर्षांचं दप्तर आहे. तिथे हा सल्ला पाळणं घातक आहे.

आधी व्हायरसचं. चौकोन दिसतो कारण त्या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये नाही. फाइल शाबूत असते. नव्या मशीनवर उघडून बघा, मजकूर जसाच्या तसा दिसेल. ‘ॲप’मधला ‘ॲ’च घ्या. एक्सपी आलं २००१ साली, हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, आलं २००८ साली. एक्सपीच्या मूळ मंगल फॉन्टमध्ये ते असणार कुठून?

फॉन्ट टाकून काम होतं का? ‘किल्ला’ लिहिलंय, पण वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसलीय आणि पहिल्या ‘ल’चा पाय मोडलेला सुटा दिसतोय, तर फॉन्टमध्ये अक्षरं आहेत, ती जुळवली जात नाहीयेत. ते काम विंडोजमधलं युनिस्क्राइब करतं. दहा फॉन्ट टाकलेत तरी फरक पडणार नाही. कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’ टॅबवर जा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या फाइली इन्स्टॉल करण्याच्या ओळीपुढे टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, म्हणून ती आधीच शोधून ठेवा. मशीन रीस्टार्ट केलं की जोडाक्षरं जागेवर येतात. मंगल फॉन्टही याच फाइलींबरोबर येतो.

अक्षरच फॉन्टमध्ये नाही ते चौकोन सोडले, तर फॉन्टचा उपाय एकाच ठिकाणी खरा आहे: मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते तिथे. तो मजकूर शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. पण तिथेही ‘एखादा’ फॉन्ट चालत नाही, ज्यात टाइप केलं तोच लागतो.

आणि फॉरमॅट? इंग्रजी एक्सपी नव्याने टाकलं की वरची सोय बहुधा पुन्हा बंदच असते. म्हणजे दुखणं तसंच राहतं आणि पेजमेकरच्या (छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइली, जुने फॉन्ट मात्र जातात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, त्यामुळे ते मशीन नेटला जोडू नका, हे मीही सांगेन. पण त्यासाठी डिस्क पुसावी लागत नाही.

मजकूर खरोखर जातो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही. नोटपॅडमध्ये मराठी लिहून ‘अँसी’ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं न मावणाऱ्या जुन्या पद्धतीत, सेव्ह करायला गेलं की इशारा येतो. घाईत ओके दाबलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह होतात आणि त्या फाइलमधून मूळ मजकूर परत मिळत नाही. सेव्ह करताना खालच्या यादीत ‘यूटीएफ-८’ निवडा.