‘72 तासांत डोळे उघडले नाहीत तर संपलं’ हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांसाठी

‘मेंदूच्या ऑपरेशननंतर 72 तासांत डोळे उघडले नाहीत तर माणूस परत येत नाही. जीसीएस (रुग्ण किती शुद्धीवर आहे याचे गुण) आठच्या खाली म्हणजे खेळ संपला. एआय पहिल्याच दिवशी अचूक सांगतं, डॉक्टर लपवतात. सत्तरीनंतर डोक्याचं ऑपरेशन करूच नका. रिहॅबला (पुनर्वसन केंद्रात) पाठवलं म्हणजे हॉस्पिटलने हात झटकले.’ ‘न्यूरोसर्जनचा सल्ला’ म्हणून हा मेसेज फिरतो आहे. कुठला न्यूरोसर्जन? नाव नाही. माझ्या आतेबहिणीचा नवरा आयसीयूत असताना घरातल्याच एकाने तो तिला पाठवला. तिने मला फोन करून विचारलं, ‘दादा, व्हेंटिलेटर काढा म्हणून सांगायचं का रे?’ म्हणून हे लिहितो आहे.

72 तासांचा आकडा पूर्ण हवेतला नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. 2015 साली न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीने मेंदूला अतिगंभीर इजा झालेल्या रुग्णांसाठी शिफारशी दिल्या. त्यांत सांगितलंय की जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय घाईने घेऊ नका, 72 तास रुग्णाचं निरीक्षण करा. म्हणजे ही वाट पाहायची मुदत आहे. मेसेजवाल्याने तिची आशा सोडायची मुदत करून टाकली.

ऑपरेशननंतर मेंदूला सूज येते आणि पहिले काही दिवस ती वाढू शकते. झोपेची औषधं चालू असतात. किडनी किंवा लिव्हर नीट काम करत नसेल तर ती बंद केल्यावरही अंगात रेंगाळतात. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. बाहेरून काहीच न दिसणारे झटके आत चालू असू शकतात, ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्याशिवाय कळत नाहीत. ही सगळी कारणं शोधता येतात, बहुतेकांवर उपायही असतो. तिसऱ्या दिवशी आपणच आशा सोडली तर ती शोधायची कुणी?

आता आकडे. 2021 साली जामा न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात ट्रॅक-टीबीआय या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष आले. मध्यम आणि गंभीर डोक्याच्या दुखापतीचे रुग्ण होते. दोन आठवड्यांनंतरही व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, म्हणजे भानावर नसलेल्या 79 जणांपैकी 62 जण वर्षभरात भानावर आले. तीन दिवस नव्हे, दोन आठवडे! हे अपघाताचे रुग्ण होते, ट्यूमर किंवा रक्तस्रावाचं गणित वेगळं असतं. शिवाय भानावर येणं म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे, त्यातले बरेच जण पुढेही दुसऱ्यांवर अवलंबून राहिले. पण ‘परत येतच नाही’ हे विधान तिथेच कोसळतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की असलं भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. ‘हा वाचणार नाही’ म्हणून उपचार थांबवले, रुग्ण गेला, आणि नोंद झाली की असे रुग्ण वाचत नाहीत. पुढच्या रुग्णाचा अंदाज त्याच नोंदीवरून. मेंदूतल्या रक्तस्रावाबाबत हा धोका 2001 पासून वैद्यकीय नियतकालिकांत मांडला गेला आहे.

जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, 1974 साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलं. 3 ते 15 गुण : डोळे, बोलणं, हालचाल. घशात नळी असलेला माणूस बोलणार कसा? त्याचे बोलण्याचे गुण धरताच येत नाहीत. भाषेच्या केंद्राजवळ ऑपरेशन झालं असेल तर पूर्ण जागा माणूसही कमी गुण मिळवतो. गुण वर जातायत की खाली, हे बघायचं असतं. कमी गुण ही काळजीची गोष्ट आहे, हे मान्य. पण एका दिवसाचा एक आकडा म्हणजे निकाल नाही.

एआयच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, तेही कबूल करतो. वय, ऑपरेशनआधी माणूस किती चालता-फिरता होता, इतर आजार, ऑपरेशन तातडीचं होतं का, यांवरून रुग्ण थेट घरी जाईल की रिहॅबला, याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स आहेत. फिजिओथेरपी आणि पुढची सोय वेळेवर ठरवायला ती उपयोगी पडतात. पण ‘घरी जाण्याची शक्यता 30 टक्के’ याचा अर्थ अशा शंभरांपैकी साधारण तीस जण घरी जातील. तुमचा माणूस त्या तिसांत आहे का, हे मॉडेलला माहीत नसतं. आणि घरी जाणं फक्त मेंदूवर ठरत नाही. घरी सांभाळणारं कुणी आहे का, विमा काय देतो, यावरही ठरतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

सत्तरीचं म्हणाल तर वय मोजलं जातंच, पण शरीर किती खंगलंय तेही तितकंच मोजतात. क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा, म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचणं, हा तर मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचाच आजार. कवटीला छोटं छिद्र पाडून साचलेलं रक्त काढलं की त्यातले कितीतरी जण पुन्हा चालू-बोलू लागतात. त्यांना घरी बसवून ठेवायचं?

रिहॅब म्हणजे हात झटकणं नव्हे, ती उपचाराची पुढची पायरी आहे. मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका विशिष्ट जागेचा ट्यूमर काढल्यावर वाचा आणि एका बाजूची हालचाल अचानक जाऊ शकते, आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत-महिन्यांत बरीचशी परत येते. डिस्चार्जच्या दिवशी बघून त्यांचं भविष्य कोण सांगणार?

आतेबहिणीला मी डॉक्टरांना विचारायला प्रश्न दिले. झोपेची औषधं कधी बंद केली? ईईजी झाला का? नव्या स्कॅनमध्ये सूज किती? कालपेक्षा आज हालचालीत काय फरक आहे? तुमचा अंदाज कशावर आधारलाय, आणि तो पुन्हा कधी तपासणार?