बाण, चोच आणि तालुका

मंगोलियात आपल्या तालुक्यासारखं जे युनिट आहे त्याला 'सुम' म्हणतात, आणि सुमचा मूळ अर्थ बाण! हे कळल्यापासून मी या विषयात अडकलोय, घरचे वैतागलेत.

बाणाचा तालुका व्हायची गोष्ट बीजिंगच्या मांचू दरबारातून, म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या छिंग राजवटीतून जाते. लढायला साधारण 150 माणसं देऊ शकतील एवढ्या कुटुंबांचा एक सुम, काही सुम मिळून एक खोशू (म्हणजे चोच, चिनी लोक याला झेंडा म्हणतात), खोशूवर वंशपरंपरेने बसलेला सरदार म्हणजे झासाग, आणि त्यावर खोशूंचे संघ. आजच्या इनर मंगोलियात (हा चीनमध्ये येतो) असे 49 खोशू आणि 6 संघ होते. उत्तरेकडच्या खाल्खा मंगोलांवर 1688 मध्ये पश्चिमेकडच्या झुंगार मंगोलांचा राजा गाल्दान चालून आला, खाल्खा दक्षिणेकडे पळाले आणि 1691 ला दोलोन नोर या ठिकाणी छिंगांच्या कांगशी बादशहापुढे वाकले. त्यांचे सुरुवातीला तीसेक खोशू होते, पुढे करत करत 86.

आता काही जण म्हणतात बघा, त्यांचेच सरदार ठेवले, केवढी ऑटोनॉमी! मला नाही पटत. अहो, जितके खोशू जास्त तितका प्रत्येक सरदार छोटा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला बीजिंगमध्ये लिफानयुआन नावाचं वेगळं खातंच होतं. वर पदव्या, चांदी, रेशीम, राजघराण्यातली बायको. आपल्याकडचे संस्थानिक आठवले मला, मान मोठा पण हात बांधलेले. चाहार नावाच्या मंगोल गटाच्या बुर्नी या सरदाराने 1675 ला बंड केलं तर त्यांचा वंशपरंपरेचा हक्कच काढून घेतला, विषय संपला.

पण सगळ्यात वाईट मला ती हद्द वाटते. परवानगीशिवाय खोशू ओलांडायचा नाही. सरदारांची आपसातली भांडणं त्याने कमी झाली हे मान्य, पण गुरं घेऊन हिंडणाऱ्या माणसाला रेघ आखून देणं म्हणजे काय? तिकडे 'झुद' येतो, बर्फाखाली गवत गडप होतं आणि जनावरं उभ्या उभ्या मरतात, तेव्हा वाचायचा उपाय एकच, लांब निघून जायचं, आणि नेमकं तिथेच रेघ आडवी. फौज वर्षातून एखाद्या वेळी दिसत असेल, रेघ रोजचीच.

मंगोलियाने 1931 मध्ये खोशू रद्द केले, सुम राहिले. इनर मंगोलियात मात्र सरकारी नकाशावर झेंडे अजून आहेत, झासाग गेले.

चाहारांवर वेगळी पोस्ट टाकतो, तो किस्सा मोठाय.