लोण्यासारखं फिरणारं इंजिन
"फक्त दोनदा चालवलंय." मॉडेल विमानाचं जुनं रेसिंग इंजिन विकणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य असतंच. दोनदा म्हणजे दोन मोसम, हे कळायला मला पैसे मोजावे लागले.

पहिलं इंजिन मी प्रॉपेलरला धरून फिरवलं. लोण्यासारखं फिरलं! ना अडखळणं, ना कुरकुर. अशी गुणी वस्तू कुणी विकतंय म्हणून मला त्या माणसाची कीवच आली. लगबगीनं घेतलं, घरी आणलं. ते लोण्यासारखंच राहिलं. चालू मात्र झालं नाही.

ही जात उलट्या काळजाची असते. पितळी स्लीव्हला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला, आतून क्रोमचा मुलामा आणि त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन. स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद केलेली. त्यामुळे थंड असताना पिस्टन वर पोचला की आवळून बसतो, चक्क किंचाळतो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि दोघांचं जमतं. म्हणजे नाठाळ ते चांगलं आणि गोडीनं वागणारं ते झिजलेलं. पायलॉन रेसिंगच्या, म्हणजे खांबांना वळसे घालणाऱ्या मॉडेल विमानांच्या शर्यतीच्या, एफ3डी वर्गात 6.6 सीसीपर्यंतच्या इंजिनावर विमान 10 फेऱ्यांत 4 किलोमीटर कापतं, तेही मिनिटाभराच्या आसपास. अशा जिवाकडून गरीबपणाची अपेक्षा करणं ही चूक माझीच.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा होऊन गेलो. इंजिन फिरेचना! मी आनंदानं थरथरलो. "जाम आहे हो," विकणारा बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला. मी मनात म्हटलं, तुला काय कळतंय!

त्याला कळत होतं. इंधनात वंगण म्हणून घातलेलं एरंडेल आत वाळून त्याचा डिंक झाला होता. पोट साफ करण्याबद्दल ख्याती असलेलं हे तेल इंजिनाचं पोट मात्र घट्ट बांधून टाकतं. पक्कड लावून पिळलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. म्हणून बायकोचा हेअर ड्रायर घेतला. अर्ध्या तासानं डिंक सुटला आणि इंजिन फिरू लागलं. लोण्यासारखं!

तेव्हापासून मी आधी भोकातून बघतो. एक्झॉस्टमधून पिस्टनवर उभे ओरखडे दिसले की समजायचं, कधीतरी जमिनीत नाक खुपसून माती खाल्लेली आहे. स्क्रूची डोकी कुरतडलेली असली की आधीचा मालक जिज्ञासू होता. जिज्ञासू मालकाइतकं इंजिनाचं वाटोळं कुणी करत नाही. मग शाफ्ट हलवून बघायचा आणि मागच्या बेअरिंगची खरखर ऐकायची. इंधनातलं मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे इंधन आत तसंच ठेवून कपाटात गेलेल्या इंजिनाचं बेअरिंग गंजलेलं असतं. तेवढं बदलता येतं. स्लीव्हवरचा क्रोम सोलला असेल तर नमस्कार करून निघायचं.

तिसरं इंजिन मी तिथेच गरम करून, दोन थेंब तेल सोडून फिरवलं. थंड झाल्यावर पुन्हा फिरवलं. वरच्या टोकाला ते असं किंचाळलं की विकणाऱ्यानं घाईघाईनं किंमत उतरवली. मी चेहरा पाडून पैसे दिले.

घरी आल्यावर बायकोनं ड्रायर सुरू केला आणि लगेच बंद केला. "अहो, याला कसला वास येतोय?"

एरंडेल केसांना फार चांगलं असतं, असं मी तिला सांगून पाहिलं.