कबुली दिली की सुटका होत नाही

परवा रात्री साडेअकराला ताईने एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ रे, हे खरं असेल तर सुटलो." भाचा कोलोरॅडोत शिकतो. दुकानात सेल्फ चेकआउटला (आपणच वस्तू स्कॅन करून पैसे भरायचे) दोन वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या, चोरीची केस झाली, गुरुवारी तारीख आहे. फॉरवर्ड सांगतो: 'डिफर्ड जजमेंट', म्हणजे राखून ठेवलेला निकाल, मागा, मिळतंच. गुन्हा कबूल करा, मुदतभर नीट वागा, केस पुसली जाते. व्हिसाला धक्का नाही, वकीलही नको.

आधी व्हिसाचं, कारण पोरांचं आयुष्य तिथे अडकतं. मुदत नीट पार पडली की कोलोरॅडोचं कोर्ट कबुली मागे घेऊ देतं आणि केस रद्द करतं, हे मान्य. अमेरिकन नागरिकाला याचा मोठा उपयोग होतो. पण इमिग्रेशनचा कायदा फेडरल, म्हणजे राज्याचा नाही तर सबंध देशाचा, आहे आणि दोषसिद्धी कशाला म्हणायचं हे त्यात १९९६ पासून स्पष्ट लिहिलंय: आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने काही शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं, की ती दोषसिद्धी. निकाल राखून ठेवला असला तरीही! डिफर्ड जजमेंटमध्ये कबुली पहिल्याच दिवशी द्यावी लागते, मागोमाग देखरेख, समाजसेवेचे तास वगैरे अटी येतात. म्हणजे दोन्ही गोष्टी झाल्या. पुढे राज्याच्या कोर्टाने केस रद्द केली तरी इमिग्रेशनवाले ती मोजतात. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म उघडून बघा: अटक झाली होती का, माफी मिळाली असली तरी सांगा, असं त्यात विचारलंय.

'मिळतंच' हेही खोटं. सरकारी वकिलाची संमती लागते. आणि अट मोडली तर खटला नव्याने चालत नाही, कबुली आधीच दिलेली असते, थेट शिक्षा.

'वकील नको' म्हणणाऱ्याला काय म्हणावं? कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्यच आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं. वकीलच नसेल तर सांगणार कोण?

कबुली न घेता केस थांबवणारा 'डायव्हर्जन' हा वेगळा प्रकार आहे. तो मिळतो का, हे आधी विचारायला हवं. ताईला लगेच फोन केला: गुरुवारी कशावरही सही करू नको म्हणावं, वकील बघायला मुदत माग, आणि इमिग्रेशन जाणणारा वकील गाठ.