पहिला फॉरवर्ड कोणाचा हे शोधून नेमकं मिळणार काय?

व्हॉट्सअ‍ॅपच्या एनक्रिप्शनबद्दल (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये असं कुलूप) बोलायला गेलं की समोरून एक प्रश्न हमखास येतो, "मग राईनपाड्यासारखं झालं तर?" ठीक आहे, राईनपाड्यावरच बोलू. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव, बाजाराचा दिवस, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आणि पोरं पळवणारी टोळी फिरतेय ही मोबाईलवरून पसरलेली अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. अंगावर काटा येतो अजून.

त्या वर्षी देशभर असे प्रकार झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपनं मेसेजचा मूळ पाठवणारा शोधून द्यावा ही सरकारची मागणी जोरात सुरू झाली. २०२१ च्या आयटी नियमांत ते लेखीच आलं: ५० लाखांहून जास्त युजर असलेल्या मेसेजिंग अ‍ॅपनं, कोर्टाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला की 'फर्स्ट ओरिजिनेटर' कोण ते सांगायचं. मेसेजमधला मजकूर द्यायची गरज नाही असंही त्यात म्हटलंय, म्हणून लोकांना वाटतं की मग बिघडलं कुठे.

बिघडतं ते असं. आज कंपनीकडे मजकूरच नसतो, चाव्या आपल्या फोनमध्ये. उद्या कुठल्या मेसेजबद्दल विचारणा येईल हे आज कोणालाच माहीत नाही, म्हणजे उत्तर द्यायचं तर प्रत्येक मेसेजची खूण आधीपासूनच करून ठेवायला लागणार, तुमच्या डॉक्टरला पाठवलेल्या रिपोर्टची, पत्रकाराला कोणी गुपचूप दिलेल्या माहितीची, सगळ्याची. दोन-चार गुन्हेगारांसाठी कोट्यवधी लोकांच्या बोलण्याची नोंदवही. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला, तो काय फक्त भाषणात सांगायला?

बरं, एवढं करून सापडणार कोण? २०१८ ला पोरं पळवण्याच्या अफवेसोबत फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीचा होता, मुलांना जपा असं सांगणारी तिथल्या एका संस्थेची जाहिरात, शेवट कापून इथे फिरवली. आता नियम काय म्हणतो बघा, मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल तर भारतात ज्यानं पहिल्यांदा पाठवला त्यालाच पहिला धरायचं! म्हणजे दुबईतल्या मामानं पाठवलेलं आपल्या काकूनं घाबरून फॅमिली ग्रुपवर टाकलं की कागदोपत्री काकू ओरिजिनेटर. आणि ज्याला खरंच आग लावायचीय तो व्हिडिओ डाऊनलोड करून नव्यानं अपलोड करेल, कुठल्यातरी भलत्याच सिमवरून, झालं काम. मद्रास हायकोर्टात २०१९ ला आयआयटी मद्रासच्या प्रा. कामकोटींनी प्रत्येक मेसेजला मूळ पाठवणाऱ्याची माहिती जोडता येईल असं मांडलं होतं, त्यावर आपल्या आयआयटी मुंबईच्या प्रा. मनोज प्रभाकरन यांनी हरकत घेतली, मुद्दा साधारण हाच.

मी व्हॉट्सअ‍ॅपचा वकील नाही हां. कोण कोणाशी कधी बोललं हा मेटाडेटा त्यांच्याकडे जमतोच, आणि त्यांची मालक कंपनी मेटा, तिचा धंदा काय आहे ते सगळ्यांना माहितीये. पण जुलै २०१८ मध्ये त्यांनी भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरता आणला, 'फॉरवर्डेड' असा शिक्का लावला, आणि त्यासाठी एकही कुलूप तोडायला लागलं नाही. पोलिसांना जप्त केलेला फोन मिळतो, ग्रुपमधले साक्षीदार मिळतात, त्या वाटा कोणी बंद केल्यात?

आपल्याकडे एनक्रिप्शनचं धोरण म्हणजे तसाही आनंदच. सप्टेंबर २०१५ चा मसुदा आठवतो का, लोकांनी आपले मेसेज साध्या मजकुरात ९० दिवस जपून ठेवावेत म्हणे! बोंबाबोंब झाल्यावर लगेच मागे घेतला. आणि त्याच्या आधी कित्येक वर्षं इंटरनेट कंपन्यांच्या लायसन्समध्ये परवानगीशिवाय ४० बिटपर्यंतचंच एनक्रिप्शन (बिट जितके जास्त तितकं कुलूप पक्कं) अशी अट, तर नेटबँकिंगला रिझर्व्ह बँक किमान १२८ बिट सांगायची. एकाच सरकारी छताखाली हे दोन्ही.

व्हॉट्सअ‍ॅपनं या नियमाला दिल्ली हायकोर्टात आव्हान दिलंय, एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी एनक्रिप्शन तोडायला सांगितलं तर आम्ही इथून जाऊ असंही सांगितलं. जातील असं मला वाटत नाही, एवढं मोठं मार्केट कोण सोडतं. मला भीती दुसरीच आहे, ते राहतील, मुकाट्यानं खुणा करायला लागतील आणि चॅटच्या वर ती कुलपाची ओळ तशीच दिसत राहील.