सरकारी वकील वाट्टेल ते बोलला, तरी शिक्षा का टिकते?

फ्लोरिडातल्या विली डार्डनच्या खून खटल्यात सरकारी वकील ज्युरीपुढच्या शेवटच्या भाषणात त्याला 'जनावर' म्हणाला. गळ्यात साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला तुरुंगाचा शिपाई असल्याशिवाय याला कोठडीबाहेर काढू नये, असंही म्हणाला. पुढे तर कळस. बंदुकीने चेहरा उडालेल्या अवस्थेत हा इथे बसलेला मला बघायला मिळायला हवा होता, या अर्थाचं वाक्य भर कोर्टात! 1986 मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. भाषण अनुचितच होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. पण त्यामुळे अख्खा खटला अन्याय्य ठरत नाही, असा निकाल 5 विरुद्ध 4 मतांनी दिला. 1988 मध्ये डार्डनला मृत्युदंड देण्यात आला.

अमेरिकन कोर्टाच्या मालिका बघून आपल्याकडे अनेकांचा समज झालाय की सरकारी वकिलाची जीभ घसरली की अपिलात शिक्षा रद्द. तसं क्वचितच होतं. कारण शोधायला अपिलाच्या कोर्टात जायची गरज नाही, ते बहुतेक वेळा त्या भाषणाच्या दहा-पंधरा मिनिटांतच सापडतं.

सरकारी वकिलाने काय बोलायचं नाही, हे अमेरिकेत पक्कं ठरलेलं आहे. 'आरोपी दोषी आहे याची मला स्वतःला खात्री आहे' असं म्हणता येत नाही. आपल्या साक्षीदाराच्या खरेपणाची स्वतः हमी द्यायची नाही. पुराव्यात न आलेली गोष्ट सांगायची नाही. 'तुम्ही मयताच्या जागी असतात तर?' असं ज्युरीला विचारायचं नाही. आणि आरोपी साक्ष द्यायला उभा राहिला नाही, यावर चकार शब्द काढायचा नाही. हा शेवटचा नियम 1965 च्या ग्रिफिन निकालातला. (आपल्याकडे तो थेट कायद्यातच लिहिलेला आहे: आरोपीने साक्ष दिली नाही यावर ना पक्षकारांनी टिप्पणी करायची, ना न्यायालयाने.)

नियम मोडला की पहिला प्रश्न येतो तो बचावाच्या वकिलाने तेव्हाच आक्षेप घेतला का, हा. इथेच निम्मी अपिलं मरतात. आक्षेप नसेल तर अपील न्यायालय 'ढळढळीत चूक' ही कसोटी लावतं. 1993 च्या ओलानो निकालाप्रमाणे तिच्या चार पायऱ्या आहेत. चूक झाली पाहिजे, ती उघड दिसणारी असली पाहिजे, तिने आरोपीच्या महत्त्वाच्या हक्काला धक्का लागलेला असला पाहिजे, आणि एवढं सिद्ध करूनही चौथी पायरी उरते: न्यायप्रक्रियेच्या विश्वासार्हतेलाच बाधा आली असेल तरच न्यायालय हात घालतं, तेही स्वतःच्या मर्जीने. हे सगळं दाखवण्याचा भार आरोपीवर.

नुसता आक्षेप घेऊनही भागत नाही, हे नव्या वकिलांना फार उशिरा कळतं. समजा, न्यायाधीशाने आक्षेप मान्य केला. वकील खूश होऊन खाली बसला. अपिलात सरकार शांतपणे म्हणतं, यांनी मागितलं ते यांना मिळालं, आता तक्रार कसली? म्हणून आक्षेप मान्य झाल्यावर लगेच 'हे वाक्य विचारात घेऊ नका' अशी सूचना ज्युरीला द्यायची मागणी करायची. तेवढ्याने भागणार नसेल तर खटला बाद करून नव्या ज्युरीपुढे चालवण्याचा अर्ज करायचा. दोन्ही गोष्टी नोंदीवर आल्या पाहिजेत. न्यायाधीशाच्या टेबलाशी जाऊन कुजबुजत घेतलेला आक्षेप लघुलेखकाच्या नोंदीत आला नसेल, तर अपिलापुरता तो घेतलाच नाही असं समजा.

वकील गप्प का बसतात? भाषणात अडथळा आणला की ज्युरी चिडते, शिवाय ते वाक्य तिच्या डोक्यात आणखी पक्कं बसतं. भीती खरी आहे. पण तीच पुढे उलटते. 'वकील नालायक होता' म्हणून 1984 च्या स्ट्रिकलंड निकालाच्या आधारे दाद मागायला गेलं, की न्यायालय म्हणतं, गप्प बसणं ही त्याची रणनीती असू शकते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सरकारच्या दुसऱ्या भाषणात. संघीय न्यायालयांत (म्हणजे राज्यांच्या नव्हे, केंद्राच्या) आधी सरकार बोलतं, मग बचाव, मग पुन्हा सरकार. पहिलं भाषण लिहून आणलेलं असतं, दुसरं तापलेल्या डोक्याने केलेलं. त्याला उत्तर द्यायची संधी बचावाला नाही, आणि ज्युरी तेच शब्द कानात घेऊन खोलीत जाते. आपल्या सत्र न्यायालयात क्रम उलटा आहे. सरकारी वकील आधी समारोप करतो, उत्तर आरोपीचा वकील देतो. माझ्या मते आपला क्रम जास्त न्याय्य आहे, ज्युरी नसली तरी.

बचावाच्या वकिलाने आधी मर्यादा सोडली असेल तर आणखी पंचाईत. 1985 च्या यंग प्रकरणात बचावाने सरकारच्या हेतूंवरच शिंतोडे उडवले. उत्तरादाखल सरकारी वकिलाने आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचं मत सांगून टाकलं. ते चूक होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षा कायम ठेवली.

शिक्षा रद्द कधी होते? आरोपीच्या मौनावर बोट ठेवलं आणि आक्षेप वेळेत घेतला असेल, तर 1967 च्या चॅपमन निकालाप्रमाणे पारडं फिरतं. त्या चुकीमुळे निकालावर परिणाम झाला नाही, हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते. खुद्द चॅपमन प्रकरणात सरकारला ते जमलं नाही. क्वचित आक्षेपाशिवायही यश येतं. वॉशिंग्टन राज्यात सरकारी वकिलाने भाषणाबरोबर पडद्यावर आरोपीचा अटकेच्या वेळचा, मार लागलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवला आणि त्यावर 'दोषी' हा शब्द तीनदा झळकवला. 2012 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. असं काही डोळ्यांसमोर चमकवलं, तर नंतर कुठली सूचना ते पुसणार?

बाकी बहुतेक निकालांत एकच वाक्य सगळं गिळून टाकतं: पुरावा भक्कम होता. माझा खरा राग इथे आहे. पुरावा इतकाच भक्कम होता तर असं बोलायची गरज का पडली, हा प्रश्न निकालपत्रात फार कमी दिसतो. सरकारी वकिलाला चार ओळी ताशेरे, तेही अनेकदा नाव न घेता, आणि शिक्षा कायम. अशा ताशेऱ्यांना कोण भीक घालणार? निदान नाव छापायची पद्धत तरी सक्तीची करा.

मुदती कडक आहेत. संघीय न्यायालयात नव्या खटल्याचा अर्ज सर्वसाधारणपणे दोषी ठरवल्यापासून 14 दिवसांत, अपिलाची नोटीस निकालपत्र नोंदवल्यापासून 14 दिवसांत. राज्यांत वेगळं: न्यूयॉर्कमध्ये 30 दिवस, कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यांसाठी 60. राज्यातली अपिलं संपल्यावर संघीय न्यायालयात जायला साधारण एक वर्ष मिळतं, पण तिथे दार आणखी अरुंद.

नोटीस दिली की लगेच कार्यवाहीची छापील प्रत मागवायची. मागणीत दोन्ही बाजूंची अंतिम भाषणं, सरकारचं दुसरं भाषण आणि ज्युरीला दिलेल्या सूचना स्पष्ट लिहायच्या. काही ठिकाणी मुद्दाम मागितल्याशिवाय भाषणं त्या प्रतीत येतच नाहीत. भाषणात पडद्यावर काही दाखवलं असेल तर त्या स्लाइड्सची प्रतही नोंदीत आहे का, हे तपासायचं, कारण लघुलेखक फक्त शब्द टिपतो.