वर्गातले राजकारण आणि सात-आठ वर्षांचे मूल

शिक्षकांची राजकीय मते लहान मुलांच्या अभ्यासात उतरतात, ही पालकांची काळजी कोणी बोलून दाखवली की लगेच दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकाबाहेर चकार शब्द काढू नये, असे काही जण म्हणतात; तर पालकांना हल्ली प्रत्येक गोष्टीत राजकारण दिसते, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असे काही जणांचे मत असते. मला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. प्राथमिक वर्गांच्या बाबतीत ही काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच तिचा रोख योग्य जागी असला पाहिजे. शिक्षक कोणाला मत देतात, घरी कोणते वर्तमानपत्र वाचतात, सुट्टीच्या दिवशी कोणत्या सभेला जातात, हा पालकांच्या चौकशीचा विषय होऊ शकत नाही. वर्गात एखादा वादाचा प्रश्न निघाल्यावर मुलाला वेगळे बोलायला जागा मिळते का, आणि वेगळे बोलल्यानंतरही बाईंची माया तेवढीच राहते का, एवढे मात्र पालकांनी जरूर विचारावे.

इथे मुलाचे वय सर्वांत महत्त्वाचे ठरते. कॉलेजातल्या विद्यार्थ्यासमोर प्राध्यापकांनी आपले मत ठासून मांडले, तर तो विद्यार्थी वाद घालू शकतो, ग्रंथालयात जाऊन दुसरी बाजू वाचू शकतो, अगदीच पटले नाही तर तासाला बसायचे टाळू शकतो. दुसरी-तिसरीतल्या मुलाला यांपैकी काहीच शक्य नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९३२ मध्ये असे मांडले, की लहान मुलांना खेळाचे नियम मोठ्या माणसांकडून आलेले आणि म्हणून न बदलता येणारे वाटतात. नियम आपापसांत ठरवता येतात ही जाणीव त्यांना पुढे, साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. लहान मुलांची समज पियाजे यांना वाटली त्यापेक्षा बरीच अधिक असते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही ज्यांच्या घरात या वयाचे मूल आहे, त्यांना ‘असं नाही, आमच्या बाईंनी सांगितलंय’ या वाक्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आईवडिलांनी कितीही समजावले, तरी त्या एका वाक्यापुढे त्यांचे काही चालत नाही. या वयात मूल बाईंवर जीव लावून असते, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याचे मत पारखून घ्यावे हे त्याच्या मनातही येत नाही.

माझ्या मुलीच्या तिसरीच्या वहीत ‘निवडणूक’ या विषयावर पाच वाक्ये लिहिलेली होती. पहिली तीन वाक्ये मतदान, मतपेटी आणि बोटाला लावलेली शाई यांच्याबद्दल होती. चौथे वाक्य असे होते, की चांगली माणसे एकाच पक्षात आहेत आणि बाकीचे सगळे चोर आहेत. त्या वाक्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण होती, आणि पानाच्या तळाशी ‘छान’ असा शेरा. हे वाक्य कुठून आले असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘फळ्यावर होतं.’ मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, ‘मग आजोबा चोरांना मत देतात का?’ कोणता पक्ष चांगला ठरला होता हे मी इथे मुद्दाम सांगत नाही, कारण त्या जागी दुसरा कोणताही पक्ष असता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. ज्या आजोबांच्या मांडीवर बसून ती गोष्टी ऐकते, त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची वेळ तिच्यावर आली, याचे मला फार वाईट वाटले.

मी तिच्या बाईंना भेटले. मुख्याध्यापकांकडे किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न जाता आधी त्यांच्याशीच बोलायचे, असे मी ठरवले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाक्य एका मुलाने तोंडी सांगितले होते, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि तासाच्या गडबडीत इतर उत्तरांबरोबर तेही फळ्यावर गेले, असा त्यांचा खुलासा होता. मला तो पूर्णपणे पटला नाही, कारण फळ्यावर काय राहते आणि काय पुसले जाते हे शेवटी शिक्षकच ठरवतात. पण त्यापुढे त्या जे बोलल्या त्यात बरेच तथ्य होते. त्या म्हणाल्या, ‘मुलं हे घरून घेऊन येतात. टीव्हीसमोर मोठी माणसं ज्या भाषेत बोलतात, ती भाषा दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात असते. मी गप्प बसले तर ते मला मान्य आहे असं मुलं धरतात, आणि बोलले तर पालक भेटायला येतात.’ ही अडचण खरी आहे. वर्गात राजकारण आणणारे फक्त शिक्षक असतात, हा समज पालकांनी सोडून दिला पाहिजे; घरातल्या गप्पांचा त्यात मोठा वाटा असतो. मात्र आलेल्या वाक्याचे पुढे काय करायचे, याची जबाबदारी वर्गात तरी शिक्षकांचीच राहते. ‘हे तुझं मत आहे. दुसऱ्या कोणाला वेगळं वाटतं का? आणि सगळ्यांना चोर म्हणण्याआधी आपल्याला काय काय माहीत असायला हवं?’ एवढे विचारायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्या दोन मिनिटांत नागरिकशास्त्राचा जो धडा होतो तो पुस्तकातल्या चार पानांत होत नाही.

हा प्रश्न काही एका शाळेचा किंवा एका देशाचा नाही, आणि त्यावर इतरत्र गंभीरपणे विचार झालेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यातील कलम ४०६ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत कोणताही विषय शिकवताना पक्षीय राजकीय मतांचा प्रचार करण्यास मनाई आहे, आणि बारा वर्षांखालील विद्यार्थ्यांना पक्षीय राजकीय कार्यात उतरू देण्यासही मनाई आहे. वयाची ही रेघ कायद्याने स्वतःहून आखली आहे, याकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. त्यापुढच्या कलम ४०७ मध्ये असे म्हटले आहे, की राजकीय प्रश्न मुलांसमोर येतील तेव्हा परस्परविरोधी मतांची संतुलित मांडणी त्यांच्यापुढे व्हावी यासाठी शाळेने शक्य ती व्यवस्था करावी. राजकीय प्रश्न मुलांसमोर येऊच नयेत, असे हा कायदा म्हणत नाही.

जर्मनीने वेगळी वाट धरली. नाझी राजवटीत शाळांचा वापर कसा झाला हे त्या देशाने भोगलेले होते, आणि १९७० च्या दशकात तिथे राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांत डावे-उजवे असे तीव्र तट पडले होते. १९७६ मध्ये बोयटल्सबाख या गावी दोन्ही बाजूंचे अभ्यासक एकत्र बसले, आणि त्या चर्चेतून तीन तत्त्वे निघाली. विद्यार्थ्याला स्वतंत्र मत बनवण्याआधीच शिक्षकाने आपल्या मताखाली दडपून टाकू नये; समाजात आणि ज्ञानक्षेत्रात ज्या गोष्टीवर वाद आहे ती वर्गातही वादाची म्हणूनच मांडावी; आणि राजकीय परिस्थितीत आपले हित कशात आहे हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता यावे. यांतले पहिले तत्त्व मला सर्वांत मोलाचे वाटते. शिक्षकाला मत नसावे अशी अपेक्षा त्यात नाही. समोरच्याचा विचार सुरू होण्याआधीच त्याला गप्प करण्याची ताकद शिक्षकाच्या हाती असते, हे त्यात प्रामाणिकपणे मान्य केले आहे, आणि समोर सात वर्षांचे मूल असेल तर ती ताकद कितीतरी पटींनी वाढते.

संतुलन म्हणजे काय, यावरून मात्र पालकांचा फार गोंधळ होतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका पालकाने, शाळांना पाठवलेल्या हवामानबदलावरील माहितीपटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने माहितीपटावर बंदी घातली नाही. त्याचा मुख्य वैज्ञानिक गाभा बहुतांशी बरोबर असल्याचे मान्य करून, काही विधाने प्रस्थापित वैज्ञानिक मताशी जुळत नसल्याने शिक्षकांना दिलेल्या मार्गदर्शनात त्यांचा खुलासा असावा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. संतुलित मांडणी म्हणजे दोन्ही बाजूंना घड्याळ लावून समान वेळ देणे नव्हे, ती न्याय्य आणि अभिनिवेशरहित असली की पुरे, हेही त्याच निकालात सांगितले आहे. पालकांनी हा भाग नीट समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लसीमुळे रोग टळतात, माणसाला जन्मावरून कमी लेखणे चुकीचे आहे, गुलामगिरी हा अन्याय होता, या गोष्टी शिकवणे म्हणजे राजकीय प्रचार नाही. आपल्याला न रुचणारी प्रत्येक गोष्ट ‘राजकीय’ ठरवून वर्गाबाहेर काढायची म्हटले, तर शेवटी इतिहास, विज्ञान आणि भाषा यांतले काहीही धड शिकवता येणार नाही.

पालकांच्या अधिकाराला मर्यादा आहे, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवे. मुलांचे शिक्षण पालकांच्या धार्मिक आणि तात्त्विक धारणांचा मान राखून व्हावे, असे युरोपीय मानवी हक्क करारात म्हटलेले आहे. त्याच आधारावर डेन्मार्कमधल्या काही पालकांनी सक्तीच्या लैंगिक शिक्षणाला आव्हान दिले, आणि १९७६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ते हरले. माहिती वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक बाजू दाखवणारी असेल, तर शाळेला ती देण्याचा अधिकार आहे. एखादी विचारसरणी मुलांवर बिंबवणे ही ओलांडता न येणारी मर्यादा आहे, असे न्यायालयाने सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तर मुलाचे विचारस्वातंत्र्य आणि स्वतःचे मत मांडण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. पालकांनी मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करावे, असे त्यात म्हटले आहे. घरातले मत मुलाने जसेच्या तसे उचलावे, हा आग्रहही शिक्षकाच्या आग्रहाइतकाच तपासून पाहायला हवा.

दुसरीकडे, काळजीच्या नावाखाली शिक्षकांवर पाळत ठेवण्याचे जे प्रकार होतात, त्यांना माझा ठाम विरोध आहे. २०१८ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एका राजकीय पक्षाने, तटस्थ न राहणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी नोंदवा, असे आवाहन करणारे संकेतस्थळच सुरू केले होते. एका पक्षाने शिक्षकांच्या तटस्थतेचा न्यायनिवाडा करायला बसणे हे मुळातच विपरीत आहे. त्याच देशातल्या एका भाषाशिक्षिकेला कम्युनिस्ट पक्षाची सदस्य म्हणून नोकरीवरून काढण्यात आले होते. वर्गातल्या तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हती, मुलांवर तिने आपले मत लादल्याचा पुरावा नव्हता, आणि १९९५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मताचा बारकासा फरक होता, दहा विरुद्ध नऊ, पण त्यातून निघालेला भेद मला पूर्णपणे योग्य वाटतो: माणसाचे विचार वेगळे आणि वर्गातले त्याचे वागणे वेगळे. मोबाईलवर चोरून केलेले तीस सेकंदांचे रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरू लागले की हा भेद सगळ्यात आधी पुसला जातो. मग शिक्षक घाबरून कोणत्याही अवघड प्रश्नाला ‘ते परीक्षेत नाही’ म्हणून बगल देतात, आणि मुलाला त्याचे उत्तर एखाद्या अनोळखी माणसाच्या व्हिडिओतून मिळते.

म्हणून पालकांनी काय पाहावे, तर मुलाची वही, आणि त्याहीपेक्षा मुलाचे वर्गातले अनुभव. ‘बाईंनी कोणाबद्दल काय सांगितलं?’ असे विचारले की मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देते. ‘आज वर्गात कोणाला वेगळं वाटलं का? मग काय झालं?’ असे विचारले तर खरे चित्र कळते. वेगळे बोललेल्या मुलाला हसले गेले का, त्याचे वाक्य खोडले गेले का, कोणत्या उत्तराला टाळ्या मिळाल्या, गणितातल्या आणि व्याकरणातल्या उदाहरणांत नेहमी एकाच नेत्याचे नाव येते का, एखादे नाव उच्चारताना आवाज बदलतो का, यांतून मुलावर जे संस्कार होतात ते उघड भाषणापेक्षा खोल जातात. एखादा प्रसंग एकदाच घडला असेल तर तो सोडून द्यावा. पुन्हा पुन्हा तेच दिसले तर बोलावे. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, शिक्षकांचे मत आपल्या मताशी जुळते तेव्हाही बोलावे. आपल्या बाजूचा प्रचार मुलाच्या वहीत दिसल्यावर ज्याला सुखावल्यासारखे वाटते, त्याची तक्रार प्रचाराबद्दल कधी नव्हतीच.

शाळांनीही हा विषय शिक्षक-पालकांच्या खासगी कुरबुरीवर सोडून देऊ नये. पुढच्या पालकसभेत मी लेखी मांडणार आहे, की वादाचे विषय वर्गात कसे हाताळावेत याचे पानभर धोरण शाळेने तयार करावे आणि ते तयार करताना शिक्षकांनाच पुढाकार द्यावा. चौथीपर्यंतच्या वर्गांत कोणत्याही पक्षाची चिन्हे, घोषणा किंवा नेत्यांची भलामण यांना जागा नसावी. मुलांनी स्वतःहून काढलेल्या प्रश्नांवर बोलण्याची मोकळीक शिक्षकांना निःसंदिग्ध शब्दांत द्यावी, आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळावे. पालकाची तक्रार आली तर ती आधी संबंधित शिक्षकांकडे जावी, तिथे समाधान झाले नाही तर मुख्याध्यापकांकडे जावी, आणि त्या बैठकीत शिक्षक स्वतः हजर असावेत. निनावी तक्रारी आणि चोरून केलेले चित्रीकरण शाळेने विचारात घेऊ नये. माझ्या मुलीच्या बाईंनी या मसुद्यावर आपल्या सूचना लिहून देण्याचे कबूल केले आहे, आणि मुलांनी घरून आणलेल्या भाषेबद्दल पालकांसाठीही एक परिच्छेद त्यात असावा, ही त्यांची पहिली सूचना मी तशीच घेतली आहे.